पैठणीची जिफ: रंग का फाटतात, झटका का बसतो

पैठणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी हातमाग आहे. विणकामाची आठ सेकंदांची क्लिप त्यांनी मोबाइलवर उभी काढली आणि एका मोफत साइटवर तिची जिफ (आपोआप हलत राहणारी चित्रफाइल) केली. फाइल झाली २८ एमबी. जरीचा काठ पिवळ्या ठिगळांसारखा दिसतो, शेवट संपून पुन्हा सुरुवात होताना झटका बसतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही गिऱ्हाइकांना ती हलताना दिसते तर काहींना नुसता फोटो. "सेटिंग काय ठेवू?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, माझं लातूरला डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, क्लासेसच्या प्रवेशाच्या जाहिराती, पोळा-दिवाळीच्या आणि १७ सप्टेंबरच्या (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या) शुभेच्छा, सगळं आता गिऱ्हाइकाला "हलणारं" पाहिजे असतं, त्यामुळे या कामात रोजचं डोकं घालावं लागतं. तुमच्या प्रश्नात चार निरनिराळी दुखणी एकत्र आलीत, आणि चारही घालवील असं एक सेटिंग नाही. वजन आणि रंग हे जिफ या फॉरमॅटचं दुखणं आहे. झटका शूटिंगमधून आलाय. कुणाला हलते, कुणाला नाही, हा बराचसा व्हॉट्सअ‍ॅपचा कारभार. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या कामाला जिफ फाइल बहुतेक लागतच नाही. तुम्हाला हवी आहे ती छोटी, बिनआवाजाची, पुन्हा पुन्हा फिरत राहणारी क्लिप.

ती कशात बनवायची हे ती कुठे जाणार यावर ठरतं. गॅलरीतून जिफ पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप तिचा व्हिडिओ करूनच पुढे पाठवतं. टेलिग्रामही तसंच करतं. म्हणजे तुम्ही चांगल्या व्हिडिओची जिफ केली, तिथे रंग गेले. मग व्हॉट्सअ‍ॅपने त्या रंग गेलेल्या जिफचा परत व्हिडिओ केला. साडीने दोनदा मार खाल्ला. त्यापेक्षा मूळ व्हिडिओ सहा सेकंदांच्या आत कापा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पाठवायच्या स्क्रीनवर व्हिडिओऐवजी जिफ निवडा. आवाज जातो, क्लिप फिरत राहते, रंग बरेचसे शाबूत राहतात. ज्यांना नुसता फोटो दिसला त्यांच्या मोबाइलमध्ये बहुधा ऑटो डाउनलोड बंद असेल, किंवा तुम्ही ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली असेल आणि त्यांच्या गॅलरी अ‍ॅपने पहिलीच फ्रेम (हलत्या चित्रातलं एक स्थिर चित्र) दाखवली असेल. मधल्या कुणी स्क्रीनशॉट काढून पुढे ढकललेला असतो, तेही होतं. एकदा हलून थांबते अशी तक्रार आली तर मात्र दोष फाइलमध्ये असतो: जिफमध्ये "परत फिर" ही सूचना वेगळी लिहावी लागते. नेटस्केप ब्राउझरच्या काळात ती रूढ झाली आणि अजून तीच चालते. ती नसेल तर चित्र एकदा चालून गप्प. गिंप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जिफ एक्सपोर्ट करताना "अ‍ॅज अ‍ॅनिमेशन" आणि "लूप फॉरएव्हर" या दोन्ही खुणा असतात, त्या बघून घ्या.

खरी जिफ फाइल कुठे लागते? ईमेलमध्ये, पॉवरपॉइंटमध्ये, व्हिडिओ न घेणाऱ्या जुन्या वेबसाइटवर. ईमेलसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आउटलुकच्या काही जुन्या आवृत्त्या पहिली फ्रेमच दाखवतात. म्हणून साडीचा फोटो आणि दुकानाचं नाव पहिल्याच फ्रेममध्ये पूर्ण असू द्या, हळूहळू उगवणारं नको.

आता वजन. जिफ १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने काढली, मोडेमवरून रंगीत चित्रं लवकर उतरावीत म्हणून. १९८९ च्या सुधारणेत पारदर्शकता आणि फ्रेममधला वेळ ठरवायची सोय आली. व्हिडिओ हा तिचा उद्देश कधी नव्हताच. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंगांची पट्टी, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी त्या पट्टीतला क्रमांक. म्हणजे दाबण्यापूर्वी ठिपक्याला एक बाइट. तुमचा उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० चा, सेकंदाला ३० फ्रेम, आठ सेकंद धरला तर २४० फ्रेम, जवळपास ५० कोटी ठिपके. म्हणजे ५०० एमबीच्या आसपास कच्चा माल! साइटने आपल्या मनाने आकार आणि फ्रेम कमी केल्या असणार, म्हणून २८ वर आली. त्याऐवजी ३२० बाय ३२०, दोन सेकंद, २५ फ्रेम घेतल्या तर कच्चा माल अडीच एमबीच्या थोडा वर जातो, आणि दाबल्यावर त्याहून खाली. वजनाचा निकाल इथेच लागतो. लांबी, रुंदी, सेकंद आणि फ्रेम या चारांचा गुणाकार आहे तो. बाकीची सगळी हुशारी याच्या नंतर.

दाबण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे, कारण शूटिंग कसं करायचं ते त्यातून कळतं. जिफ चित्र डावीकडून उजवीकडे, ओळीने वाचते आणि पुन्हा पुन्हा येणारे तुकडे थोडक्यात लिहिते. सपाट रंग असेल तर वजन जवळजवळ नाही. आमच्या इथल्या क्लासेसची "प्रवेश सुरू" अशी लुकलुकणारी पट्टी, पिवळ्यावर लाल, दोन फ्रेम, शंभर केबीच्या आत आरामात बसते. तिथे जिफसारखं दुसरं काही नाही. पण अंधाऱ्या खोलीत मोबाइलने काढलेल्या व्हिडिओत जे बारीक दाणे नाचत असतात, ते प्रत्येक फ्रेममध्ये निराळे. एकही तुकडा परत येत नाही, मग दाबणार काय? शिवाय मागच्या फ्रेमपेक्षा बदललेला भाग तेवढाच साठवायची सोय जिफमध्ये आहे, पण दाणे हलले की सगळीच फ्रेम "बदललेली" ठरते. मोबाइल हातात धरून काढलं तर तेच. म्हणून स्टँड आणि भरपूर उजेड, हे दोन उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त एमबी वाचवतात. दारातून येणारा सकाळचा उजेड मागावर पडत असेल तर ट्यूबलाइट बंदच करा.

ट्यूब बंद करता येत नसेल तर एक भानगड होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. मोबाइलने शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/६० सेकंदावर नेला की चित्रात उजेडाचे पट्टे सरकतात. नुसत्या व्हिडिओत ते कळतही नाहीत, पण दोन सेकंदांचा तुकडा परत परत बघताना डोळ्याला तेवढंच दिसायला लागतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) दोन्ही लॉक करा. एक्स्पोजर मोकळं सोडलं की विणणाऱ्याचा पांढरा सदरा फ्रेममध्ये आला-गेला तरी आख्ख्या साडीचा रंग उजळतो, उतरतो.

त्याच मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेमची सोय असेल तर तीच घ्या. कारण सांगतो. जिफमधला वेळ शंभरांश सेकंदांत आणि पूर्ण अंकातच लिहिता येतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओतली एक आड एक फ्रेम घेतली तर साडेबारा फ्रेम उरतात आणि मधला वेळ बरोबर ८ येतो. चाल एकसारखी पडते. ३० च्या व्हिडिओतून १५ घेतल्या तर मधला वेळ ६.६७ येतो, तो लिहिता येत नाही. मग सॉफ्टवेअर कधी ६ लिहितं कधी ७, आणि आडवं सूत नेणारा धोटा अडखळत चालल्यासारखा दिसतो. व्हिडिओ ३० चाच असेल तर सरळ १० फ्रेम घ्या, वेळ १०. आणि वेग वाढवायच्या नादात वेळ ० किंवा १ टाकू नका, बहुतेक ब्राउझर तो १० धरतात आणि जिफ उलट रेंगाळते.

आता रंग. पैठणीचं अंग एका गडद रंगाचं, हिरवं किंवा जांभळं, आणि जरीची चमक काठा-पदरापुरती. सॉफ्टवेअर २५६ रंग निवडताना ज्या रंगाचे ठिपके जास्त त्याला जास्त जागा देतं. मग अंगाच्या हिरव्याच्या शेकडो छटा पट्टीत शिरतात आणि जरीच्या वाट्याला चार-पाच पिवळे येतात. चमक म्हणजे तर पांढुरक्यापासून तपकिरीपर्यंतची उतरंड, ती चार रंगांत कशी मावणार? तुम्हाला दिसलेली ठिगळं ती हीच. पहिला इलाज कापण्याचा: काठ चित्रात अर्ध्याहून जास्त जागा घेईल इतकं जवळून घ्या, म्हणजे निवड आपोआप जरीच्या बाजूने झुकते. दुसरा, एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलायचं साधन वापरता येत असेल तर आधी त्यातल्या पॅलेटजेनने पट्टी बनवायची आणि मग पॅलेटयूजने ती लावायची, अशा दोन पायऱ्या करा. पट्टी बनवताना स्टॅट्स-मोड "डिफ" ठेवला की हलणाऱ्या भागाच्या रंगांना जास्त वजन मिळतं, आणि चमक हाच तर हलणारा भाग. मोफत साइट बहुधा यातलं काही विचारतच नाहीत.

कमी रंगांत जास्त छटांचा भास व्हावा म्हणून ठिपके मिसळतात, त्याला डिदरिंग म्हणतात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत स्थिर फोटोला छान, पण हलत्या चित्रात तिचे ठिपके दर फ्रेमला जागा बदलतात आणि साडीवर मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. वजनही वाढतं. बायर पद्धतीत ठिपक्यांची जाळी जागच्या जागी राहते. जवळून जाळी दिसते हे खरं, पण मोबाइलवर ती खपून जाते आणि फाइल हलकी होते. मी हलत्या चित्राला बायरच लावतो. शेवटी जिफसिकल नावाच्या साधनातलं लॉसी (थोडा तपशील सोडून वजन उतरवणारं सेटिंग) ३० ते ८० च्या दरम्यान फिरवून बघा. किती चालेल ते साडीवर आहे. नारळी काठाला ८० खपतं, बारीक बुट्ट्यांना नाही.

व्हिडिओ म्हणून पाठवलं तर २५६ चा प्रश्नच उरत नाही आणि वजन अनेकदा जिफच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत येतं. पण तिथेही एक खोच आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतात, त्यामुळे भडक लाल अंगावरची बारीक नक्षी कडेला फिसकटते. इलाज परत तोच, जवळून घ्या. आणि कापताना लांबी-रुंदी सम आकड्यांत ठेवा. ४८१ सारखा विषम आकडा टाकला की एमपी४ बनवताना काही साधनं सरळ नकार देतात.

राहिला झटका, आणि या कामातली खरी कारागिरी तिथेच आहे.

लूप जुळतो म्हणजे शेवटच्या फ्रेमनंतर पहिली येणं स्वाभाविक वाटतं. मागावर तुमची सोय आहे, कारण काम मुळातच फिरत राहणारं आहे. पण सगळं विणकाम सारखं नाही. पदर भरताना मोर, मुनिया, आसावली विणायला रंगारंगाच्या कांड्या हाताने एकेक घालाव्या लागतात. हात कुठे जाईल त्याला नेम नाही, तिथे लूप सापडणार नाही. अंग विणताना धोटा जातो, सूत घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका बसतो, धोटा परत येतो, पुन्हा ठोका. हे एक पूर्ण आवर्तन. एवढंच कापायचं. धोटा नुसता गेलेला अर्धा तुकडा घेतलात तर तो दर वेळी एकाच बाजूने जाताना दिसेल, आणि तुमची निम्मी गिऱ्हाइकं तरी ते ओळखतील.

कापायची जागा मी फणी कापडाला भिडते त्या फ्रेमवर निवडतो. ठोक्याला माग तसाही हादरतो, बघणाऱ्याचा डोळा तिथे धक्का अपेक्षित धरतो, त्यामुळे जोडातला बारीकसा फरक त्यात जिरून जातो. धोटा मधोमध धावत असताना कापलं तर दोन बोटांचा फरकही उघडा पडतो. फ्रेम-फ्रेम सरकवून एका ठोक्याची फ्रेम शोधा, मग दोन ठोके पुढची, आणि दुसरीच्या अलीकडची फ्रेम शेवटची ठेवा. पहिली आणि शेवटची हुबेहूब एक असतील तर शेवटची काढून टाका. नाहीतर तीच फ्रेम दोनदा दिसते आणि चित्र क्षणभर अडकतं. "सगळं जुळवलं तरी लूप अडकतो" म्हणून जेवढ्या क्लिपा माझ्याकडे येतात, त्यांत हेच जास्त वेळा निघतं.

झटक्याला दुसरं कारण चौकटीत नको ते येणं. धोटा बरोबर जागेवर असतो, पण मनगटावरच्या बांगड्या मागच्या ठोक्याला खाली होत्या, आता वर आहेत. पदराचं टोक वाऱ्याने सरकलेलं असतं. मागे भिंतीवर पंख्याची सावली फिरत असते. म्हणून फणी, धोट्याची वाट आणि विणलेलं चार बोटं कापड, एवढीच चौकट धरा. चेहरा हवाच असेल तर त्याचा वेगळा स्थिर फोटो द्या. तरीही बाजूला काही हलत असेल तर ते गोठवायचं: एक फ्रेम स्थिर चित्र म्हणून खाली ठेवायची आणि वर फक्त हलणारा भाग मास्कमधून (बाकीचं झाकणाऱ्या थरातून) उघडा सोडायचा. मास्कची कड मऊ ठेवा, आणि ती ओलांडून काही जाणार नाही याकडे लक्ष द्या. याने झटकाही जातो आणि जिफचं वजनही धाडकन उतरतं, कारण बाकीचं चित्र खरोखरच बदलत नाही.

साइटवर "रिव्हर्स" किंवा "बूमरँग" चा पर्याय दिसेल, क्लिप पुढे आणि मग उलटी. लूप शंभर टक्के जुळतो, पण मागावर लावू नका. धोटा उलटा जाताना सूत परत गुंडाळलं जातं, विणलेलं उसवतं. पैठणच्या माणसाच्या नजरेतून हे सुटायचं नाही. दिव्याच्या ज्योतीलाही ते शोभत नाही. नवरात्रात तुळजापूरच्या भक्तांसाठी दिवट्यांच्या क्लिपा करून देतो, तेव्हा शेवटच्या काही फ्रेम सुरुवातीच्या फ्रेमवर विरघळवतो. ज्योतीला ठरावीक आकार नसल्याने जोड दिसत नाही.

उलटसुलट शोभतं ते चकाकीला, आणि तुम्हाला माझी शिफारस तीच राहील. साडी घेणाऱ्या बाईला धोटा बघायला आवडतो हे खरं, पण पैसे ती जरीसाठी आणि धूपछाव रंगासाठी मोजते. पदर पाटावर सपाट पसरा, मोबाइल स्टँडवर, आणि दुसऱ्या मोबाइलची टॉर्च डावीकडून उजवीकडे संथपणे न्या. साडी हलत नाही, फक्त उजेड सरकतो आणि एकेक मोर पेटत जातो. दोन सेकंद पुढे, दोन सेकंद मागे. जोड शोधायची कटकटच नाही. हे जिफमध्ये मात्र करू नका. उजेड सरकला की प्रत्येक ठिपका थोडा-थोडा बदलतो आणि वर सांगितलेली सगळी बचत पाण्यात जाते. व्हिडिओतच ठेवा.

दुकानाचं नाव घालायचं असेल तर ते ठळक अक्षरात आणि अजिबात न हलणारं. देवनागरीची शिरोरेघ लहान आकारात एखाद्या ठिपक्याची होते आणि रंगपट्टीच्या हेलकाव्यात मधेच तुटते. वेलांट्या तर आधी जातात. ३२० रुंदीच्या चित्रात दोन शब्दांपुढे जाऊ नका, फोन नंबर खाली संदेशात लिहा. तिथून तो दाबून फोन तरी लावता येतो.

स्टिकर करायचा मोह होईल, तर त्याचे नियम निराळे. व्हॉट्सअ‍ॅपचा हलता स्टिकर वेबपी फॉरमॅटमध्ये लागतो, ५१२ बाय ५१२, ५०० केबीच्या आत, जास्तीत जास्त दहा सेकंद. त्यासाठी जिफवरून कापलेली आकृती वापरू नका. जिफमध्ये ठिपका पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरलेला, मधलं काही नाही. त्यामुळे मोराच्या कडेला पांढरी झालर राहते आणि ज्यांनी डार्क मोड ठेवलाय त्यांना ती लगेच दिसते. वेबपीमध्ये अर्धपारदर्शक कड राहते, म्हणून मूळ फोटोतूनच कापा.

तुमच्याकडची आठ सेकंदांची क्लिप टाकून द्यायची गरज नाही. ती अंग विणतानाची असेल तर आठ सेकंदांत दोन-तीन आवर्तनं असतीलच, त्यातलं एक निवडा. मोबाइल हातात धरून काढलेली असेल तर आधी एखाद्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये स्टॅबिलाइज करा (हादरे काढा), मग काठावर चौकोनी कापा, एका ठोक्यापासून दोन ठोके पुढपर्यंत. आवाज काढा, एमपी४ ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जिफ म्हणून पाठवा. एकदा घरातल्या सगळ्यात स्वस्त मोबाइलवर बघून घ्या. पदर भरतानाची असेल तर आवर्तन शोधत बसू नका, टॉर्चवालं नव्याने काढा. अडलंच तर मूळ क्लिप ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, बघून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून आलेली नको. ती आधीच दाबलेली असते, आणि जरीचं नुकसान तुमच्याकडे झालं की वाटेत, हे मलाही ओळखता येत नाही.